टेक्सासमधला ‘आळशी’ घोडा

तुमच्या दावणीला आजवर एखादे तरी जनावर असे येऊन गेले असेल, की ज्याला घरातल्या लहानथोरांनी मिळून आळशी ठरवले. औताला जुंपले की मागे रेटायचे, चढ लागला की उभे राहायचे, सगळे ओझे जोडीदाराच्या मानेवर टाकायचे. मग कोणीतरी म्हणते, “हाडाचाच आळशी आहे. दोन ठेवून द्या, म्हणजे सरळ येईल.” आपण दोन ठेवून देतो. जनावर चार पावले भरभर चालते आणि पुन्हा पहिल्यासारखे. शेवटी एक दिवस आपण त्याला बाजार दाखवतो.

अशाच एका जनावराची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे. फरक इतकाच, की ते जनावर बैल नाही, घोडा आहे. आणि आपल्या माणदेशातले नाही, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातले आहे.

माझी मुलगी आणि जावई डॅलस शहराजवळ राहतात. बरीच वर्षे त्यांचे “या, या” चालले होते. शेवटी गेल्या वर्षी मार्चच्या मध्यापासून साठ दिवसांची अर्जित रजा मंजूर करून घेतली आणि आम्ही उभयता विमानात बसलो. सारी हयात शेतीखात्यात बांधावर फिरण्यात गेलेली. मोठी दुकाने आणि उंच इमारती पाहून आठ दिवसांतच कंटाळलो. लेकीला म्हटले, “बाई, मला आता जरा माती दाखव.”

पहिल्यांदा तिने मला टेरेलला नेले. डॅलसच्या पूर्वेला पन्नासएक किलोमीटरवरचे हे गाव. आम्हा विस्तार कामातल्या लोकांची ती आळंदीच म्हणा. १९०३ साली सीमन नॅप नावाच्या गृहस्थांनी येथे वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्या शेतावर सुधारित शेतीचे प्रात्यक्षिक घेतले. आज आपल्याकडे गावोगाव जी पीक प्रात्यक्षिके होतात, त्यांचा मूळ झरा तेथला. त्या प्रात्यक्षिकातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती शेवटी सांगतो.

नंतर फोर्ट वर्थ पाहिले. येथे गुरांचा जुना बाजार आहे, त्याला स्टॉकयार्ड्स म्हणतात. १८७६ साली रेल्वे या गावात आली. त्याआधी टेक्सासची गुरे घोडेस्वार गुराखी शेकडो मैल हाकत उत्तरेला कॅन्सासपर्यंत नेत असत. आता तो व्यापार राहिलेला नाही. पण त्याची आठवण म्हणून रोज दोन वेळा लांब शिंगांची गुरे रस्त्यावरून हाकत नेतात. शिंगांचा पल्ला पाच-सहा फुटांचा! आपला खिलार पाहायची सवय असलेल्या माझ्यासारख्यालाही नवल वाटले. पण त्याहून नवल वाटले ते गुराख्यांच्या घोड्यांचे. एखादे गुरू बाजूला फुटायच्या आत घोडा स्वतःच आडवा होत होता. हे बुटके, भरल्या मांड्यांचे घोडे पाव मैलाच्या, म्हणजे चारशे मीटरच्या धावेत पटाईत. म्हणून त्यांच्या जातीचे नावच क्वार्टर हॉर्स. त्यांची नोंदणी ठेवणारी संस्था १९४० साली फोर्ट वर्थमध्येच स्थापन झाली.

जावयाच्या कचेरीतले एक गृहस्थ स्टीफनव्हिल गावाबाहेर मळ्यात राहतात. कचेरीचे काम ते घरूनच करतात आणि उरलेल्या वेळात घोडे आणि चार गाई सांभाळतात. “सासरे शेतीखात्यातले आहेत,” असे कळल्यावर त्यांनी आग्रहाने बोलावले. मार्च संपत आला होता. फोर्ट वर्थपासून नैर्ऋत्येला शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. कडेने ब्लूबॉनेट नावाची निळी रानफुले पसरली होती. उतरून एक रोप उपटून पाहिले, तर मुळांवर गाठी. म्हणजे आपल्या हरभऱ्या-तागाच्या कुळातले.

पुढे एक काटेरी झाड सारखे दिसू लागले. पाहतो तर काय, आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण! तिकडे तिला मेस्किट म्हणतात. काटे तसेच, आणि कुरणात घुसून गवत मारायची खोडही तशीच. आणखी थोडे पुढे एक भले मोठे रान गवतासाठी राखलेले दिसले. गवत हातात घेतले आणि हसू आले. अहो, ती हरळी! जी हरळी खणून काढता काढता आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांची कंबर मोडली, ती तिकडे पीक म्हणून लावतात. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथे हरळीचीच एक उंच वाढणारी सुधारित जात तयार झाली, ती १९४३ साली शेतकऱ्यांना दिली गेली. तिचे नाव कोस्टल. तिला खत घालतात, कापतात, वाळवतात, मोठमोठ्या गोल गाठी बांधतात आणि वर्षभर गुराघोड्यांना घालतात. गवत एकच, आपण त्याला तण म्हणतो, ते त्याला वैरण म्हणतात. कोणाला काय नाव द्यायचे हे बरेचसे आपल्यावरच असते, हे तेव्हा मनात आले. दोन तासांतच त्याचा प्रत्यय आला.

मळ्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. घराच्या मागे मऊ, भुसभुशीत मातीचे मोठे रिंगण होते आणि त्यात तीन पिंपे ठेवलेली. फवारणीचे औषध कालवायला आपण जी दोनशे लिटरची पिंपे वापरतो, तीच! घरची सोळा वर्षांची मुलगी घोड्यावर खोगीर चढवत होती. वडील म्हणाले, “आमची पोर पिंपांच्या शर्यतीत पळते. पाहा तुम्ही.”

ही शर्यत नीट समजून घ्या. तीन पिंपे त्रिकोणात असतात. पहिल्या दोन पिंपांत ९० फूट अंतर, तिसरे पिंप त्या दोन्हींपासून १०५ फूट लांब, आणि सुरुवातीची रेषा पहिल्या दोन पिंपांच्या ६० फूट अलीकडे. घोडा भरधाव येतो, पहिल्या पिंपाला एका हाताने वळसा घालतो, उरलेल्या दोघांना दुसऱ्या हाताने, आणि तिसऱ्या पिंपावरून सरळ रेषेकडे धूम ठोकतो. वरून पाहिले तर वाटेचा आकार बेलाच्या त्रिदलासारखा दिसेल. वेळ यंत्रावर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. पिंप पडले तर पाच सेकंद दंड, म्हणजे शर्यत गेलीच. एवढ्या अंतरात सतरा-साडेसतरा सेकंद म्हणजे घोडा फार चांगला. ही शर्यत मुख्यतः बायकामुलींची. १९४८ साली टेक्सासमधल्याच सॅन अँजेलो गावी ३८ बायकांनी एकत्र येऊन आपली संघटना काढली आणि या शर्यतीला मानाचे स्थान मिळवून दिले.

घोड्याचे नाव रस्टी. वय नऊ वर्षे, रंग तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. अंगाने भरलेला, दिसायला देखणा. मुलीने टाच मारली. घोडा निघाला खरा, पण कसा? बाजाराला निघालेल्या माणसासारखा. मुलगी पावलागणिक टाचा मारत होती. बुटांना मागे काटेरी चक्रे होती. पहिल्या पिंपाला घोडा जवळजवळ थांबलाच. तिसऱ्यावरून परत येताना तिने हातातला दोर दोन्ही बाजूंनी सपासप मारला. घोड्याने शेपटी फटकारली, कान मागे पाडले, आणि चाल तेवढीच ठेवली. वेळ भरली वीस सेकंद आणि वर थोडी.

“गेल्या वर्षी हाच घोडा अठरा सेकंदांत येत होता,” वडील म्हणाले. “आता आळसावला आहे. दाणा वाढवला, काटे मोठे आणले, काही उपयोग नाही. येत्या शनिवारी एक गिऱ्हाईक येणार आहे. देऊन टाकतो.”

मुलगी खोगीर उतरवत होती. तिने मान वर केली नाही.

मी हळूच विचारले, “नाही पळत म्हटल्यावर घेणारा तरी काय करील?” ते काही बोलले नाहीत. पुढे जावयाने सांगितले, की अमेरिकेतले घोड्यांचे कत्तलखाने २००७ साली बंद झाले. पण ज्या घोड्याला कोणी वाली नाही, तो लिलावातून पुष्कळदा सरहद्दीपलीकडे, मेक्सिकोत किंवा कॅनडात जातो.

रात्री जेवायला शेजारच्या मळ्यातल्या एक बाई आल्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास, हात आपल्या खुरपणाऱ्या बायकांसारखे राठ. तरुणपणी त्या याच शर्यतीत पळत. घोडा विकायची गोष्ट निघाली तशा त्या म्हणाल्या, “आळशी म्हणायला खर्च येत नाही, डॉक्टर आणायला येतो. म्हणून सगळे आधी आळशी म्हणतात. मला उद्या सकाळी घोडा पाहू द्या.”

सकाळी मी त्यांच्या आधीच गोठ्याशी जाऊन उभा राहिलो. बंधूंनो, त्या बाईने घोड्यावर मांड ठोकली नाही. तासभर त्या नुसत्या पाहत होत्या. घोड्यापुढे दाणा ठेवला. त्याने दोन तोंडे मारली आणि बाजूला झाला. वाळली हरळी टाकली, ती मात्र तो चघळत राहिला. मग मुलीला खोगीर चढवायला सांगितले. पोटाचा तंग आवळताच घोड्याने मान वळवून चावायला तोंड पुढे केले. मुलीने दटावले, “रोजचीच खोड आहे याची.” बाई म्हणाल्या, “कधीपासून?” मुलगी विचारात पडली. गेल्या वर्षी ही खोड नव्हती.

मग घोडा अर्धा तास दुडक्या चालीने फिरवला आणि घाम आल्यावर खोगीर काढले. सगळी पाठ घामाने ओली, पण खांद्याच्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना तळहाताएवढे दोन पट्टे कोरडे. बाईंनी मला जवळ बोलावले. “तुम्ही शेतीतले ना? सांगा, येथे घाम का नाही?” मी म्हणालो, “दाब पडतो आहे.” त्यांनी तेथे बोटांनी दाबले. घोड्याची कातडी थरथरली आणि पाठ खाली गेली. खोगीर तीन वर्षांपूर्वीचे होते. घोडा तेव्हापासून खांद्यात रुंदावला होता, खोगीर तेवढेच राहिले होते.

शेवटी त्यांनी मुलीला एक फेरी मारायला लावली आणि म्हणाल्या, “पोरी, तुझे पाय त्याला सांगतात पळ, आणि हात लगाम ओढून सांगतात थांब. त्याने ऐकायचे कोणाचे? आणि पावलागणिक टाच मारलीस तर ती टाच राहत नाही, ती सवय होते. दारावर कोणी दिवसभर थाप मारीत राहिला, तर तू किती वेळा दार उघडशील?”

दुसऱ्या दिवशी घोड्यांचे डॉक्टर आले. रात्रभर घोड्याला उपाशी ठेवले होते. त्यांनी नाकातून एक लांब, बारीक नळी पोटात सोडली आणि आतले सारे पडद्यावर दाखवले. पोटाच्या वरच्या भागात लाल, सोललेले चट्टे होते. पोटात व्रण झाले होते.

डॉक्टरांनी जे सांगितले ते तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपल्या बैलाला चार कप्प्यांचे पोट असते. तो एकदा चरला की बसून रवंथ करतो. घोड्याचे तसे नाही. त्याचे पोट जेमतेम दहा-पंधरा लिटरचे, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असते, खाल्ले तरी आणि न खाल्ले तरी. देवाने घोडा दिवसभर थोडे थोडे गवत चघळण्यासाठी केला. चघळताना लाळ सुटते, ती आम्ल मारते, आणि गवताचा थर पोटात गादीसारखा राहतो. आता अशा जनावराला गोठ्यात बांधले, गवत कमी करून दोन वेळा दाणा भरपूर दिला आणि रिकाम्या पोटी पळवले, तर पोटातले आम्ल हिंदकळून वरच्या नाजूक भागावर उडते. तेथे जखमा होतात. शर्यतीच्या घोड्यांत हा आजार फार आढळतो.

रस्टीचे नेमके तेच झाले होते. पळत नाही म्हणून दाणा वाढवला. दाणा वाढला म्हणून पोट जळू लागले. पोट जळू लागले म्हणून पळेना. आणि पळेना म्हणून काटे मोठे केले. वर ते खोगीर खांदे दाबत होतेच. वडील डोक्यावरची टोपी काढून तसेच उभे राहिले. शनिवारच्या गिऱ्हाइकाला त्यांनी त्याच दिवशी नाही म्हणून कळवले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तुम्हाला वाटेल, परक्याच्या घोड्यापायी एवढे काय? पण मला आमचा हरण्या आठवत होता.

१९८२ सालची गोष्ट. मी तेव्हा बारा वर्षांचा. आमच्याकडे खिलार खोंड होता, हरण्या. नावासारखाच पळायचा. त्या साली मात्र माघात तो रेंगाळू लागला. जत्रेच्या शर्यतीत छकड्याला जुंपला, तर अर्ध्या वाटेत जोडीदाराला ओढून धरू लागला. वडिलांच्या शेजारी मी बसलो होतो. पराणी माझ्या हातात होती. लोक हसत होते आणि मला त्यांची लाज वाटत होती. मी किती वेळा आर टोचली ते मोजले नाही. मागच्या पायावरून रक्त आले ते घरी गेल्यावर दिसले. चैत्रात खरसुंडीच्या बाजारात हरण्या विकला. शेजारच्या गावच्याच एका शेतकऱ्याने निम्म्या किमतीत नेला.

आषाढात बेंदराला त्या गावी पाहुण्यांकडे गेलो होतो. मिरवणुकीत हरण्या होता. शिंगे रंगवलेली, अंगावर झूल, आणि चाल अशी की पाहत राहावे. धन्याने सांगितले, “अहो, पत्री मारताना एक खिळा आतल्या जिवणीत गेला होता. नालबंदाने पत्री काढली तर आत सगळा पू. पंधरा दिवस धुतला, शेकला. आता बघा.” म्हणजे ज्या बैलाला मी आर टोचून पळवत होतो, तो खिळ्यावर पाय देऊन पळत होता. वडील त्या घरी चहादेखील न घेता निघाले. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी पकड घेतली, पराणीची आर उपटली आणि उकिरड्यावर फेकली.

असो. रस्टीला डॉक्टरांनी अठ्ठावीस दिवसांचे औषध दिले. ते ओमेप्राझोल होते. माणसांच्या पित्तावर देतात तेच, पण घोड्यासाठी वेगळे बनवलेले आणि वजनावर मोजून. येथे एक सूचना करून ठेवतो: घरातल्या गोळ्या जनावराला स्वतःच्या मनाने देऊ नका. दाणा निम्म्याने कमी केला. हरळी दिवसभर पुढ्यात, आणि जोडीला थोडा लसूणघास, कारण त्यातले कॅल्शियम आम्ल मारायला मदत करते. खोगीर दुसरे आणले, जुनेच पण रुंद.

बाकीचा इलाज शेजारच्या बाईंनी हाती घेतला. मुलगी रोज माझ्या लेकीला फोनवर सांगायची आणि लेक मला. पहिले दोन आठवडे खोगीर नाही, घोडा कुरणात मोकळा, इतर घोड्यांबरोबर. नंतर रोज चढणीच्या वाटेने चाल आणि दुडकी, दम वाढवण्यासाठी. पिंपे महिनाभर दाखवायचीच नाहीत. काटेरी चक्रे खुंटीला टांगली. पुढे जायची खूण तीन पायऱ्यांनी करायची: आधी पोटरीचा नुसता स्पर्श, नाही ऐकले तर जरा दाब, तरी नाही ऐकले तर एकदाच, ठणकावून. आणि घोडा पुढे झाला की त्याच क्षणी पाय सैल. हा शेवटचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. ऐकल्याबरोबर त्रास थांबतो, हे जनावराला कळले पाहिजे. ऐकले तरी टोचणी चालूच राहिली, तर ते ऐकणे सोडून देते. त्यात त्याची चूक काय?

पाचव्या आठवड्यात मोकळ्या रानात बाईंचा घोडा पुढे आणि रस्टी मागे, असे दोघांना पळू दिले. घोडा कळपातला प्राणी. पुढच्याला गाठायची ओढ त्याच्या रक्तातच असते, ती चाबकाने आणावी लागत नाही. आणि एक नियम बाईंनी फार कडक पाळला. घोड्याने एखादी गोष्ट चांगली केली, की तेथेच उतरायचे आणि तंग सैल करायचा. “शर्यत जिंकल्याचे घोड्याला कळत नाही,” त्या म्हणत, “पाठीवरून उतरलेले ओझे कळते.”

स्कॅम्पर नावाच्या घोड्याची गोष्टही त्यांच्याच तोंडून ऐकली. गुरे पोसण्याच्या वाड्यावरचा हा घोडा, स्वारांना पाडणारा म्हणून बदनाम. तो न्यू मेक्सिको राज्यातल्या शार्मेन जेम्स या मुलीच्या हाती आला. या जोडीने १९८४ ते १९९३ अशी ओळीने दहा वर्षे जगज्जेतेपद मिळवले. १९८५ साली लास व्हेगास येथे राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत पळता पळता त्याचा लगामच तोंडातून सुटला. तरी घोड्याने तिन्ही पिंपांना बिनचूक वळसे घातले आणि ती फेरी जिंकली. लगाम नाही, ओढाताण नाही, तरी पळाला. ज्या घोड्याला पळायचे आहे तो असा पळतो.

मेच्या मध्यात, आमच्या परतीच्या चार दिवस आधी, आम्ही पुन्हा तेथे गेलो. त्या संध्याकाळी गावातल्या रिंगणात शर्यत होती. या स्थानिक शर्यतींची एक पद्धत मला आवडली. सगळ्यांत जलद घोड्याची वेळ धरून बाकीच्यांचे चार गट पाडतात: पहिल्याच्या मागे अर्ध्या सेकंदापासून दुसरा गट, एका सेकंदापासून तिसरा, दीड सेकंदापासून चौथा. प्रत्येक गटात बक्षीस. म्हणजे मध्यम कुवतीच्या घोड्यालाही, आणि मध्यम कुवतीच्या घरालाही, शर्यतीत यायला जागा राहते.

रस्टीला रिंगणात येताना पाहिले. कान पुढे होते. मुलीने हात पुढे टाकले, पोटरी लावली आणि घोडा निघाला. पहिल्या पिंपाला थोडा रुंद वळला. दुसरे बरे झाले. तिसऱ्यावरून परत येताना तिने काहीच केले नाही. नुसती पुढे वाकून बसली. घोडा स्वतः पळाला. वेळ १८.६ सेकंद. तिसऱ्या गटात चौथा क्रमांक. बक्षिसातून शर्यतीची फी तेवढी निघाली. मुलगी खाली उतरली, तंग सैल केला आणि घोड्याच्या मानेत तोंड घालून कितीतरी वेळ उभी राहिली. वडील मला म्हणाले, “पुन्हा दाण्याच्या मागे लागलो तर पुन्हा व्रण होतील, असे डॉक्टर सांगून गेले आहेत. आता आम्हालाच शहाणे राहायला हवे.”

आता टेरेलची राहिलेली गोष्ट. १९०३ साली शेतकरी नवी पद्धत घेत नव्हते. नॅप यांनी त्यांना आळशी किंवा अडाणी म्हटले नाही. शेतकरी का कचरतो, याचा शोध घेतला. त्याला नुकसानीची भीती होती. गावातल्या लोकांनी मिळून हमीचा निधी उभा केला, की तोटा आला तर यातून भरून देऊ. भीती गेली, पोर्टर यांनी प्रयोग केला, आणि तोटा तर नाहीच, उलट नफा झाला. ते शेत पाहताना मला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतल्या दैनंदिन्या आठवल्या. “अमुक शेतकरी उदासीन. पाठपुरावा करूनही बीजप्रक्रिया केली नाही.” नंतर कळले, की त्याच्याकडे पेरणीच्या दिवशी उसनवारीचे बी संध्याकाळी आले होते आणि रात्री पाऊस. मी टाच मारीत होतो. खिळा कोठे आहे ते पाहिले नव्हते.

आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा मान्य केला. मारहाण, टोचणी, विजेचा झटका यांना त्यात जागा नाही. पण मी म्हणतो, कायद्याच्या धाकाने कशाला? बैल रेंगाळला तर हात उगारायच्या आधी एवढे पाहा. खांदा चाचपा, गरम किंवा सुजलेला आहे का? जू दोन्हीकडे सारखे बसते का? चारही खूर उचलून पाहा, पत्रीचा खिळा ठोकरून पाहा. दात पाहा. रवंथ करतो का, शेण कसे पडते, पाणी किती पितो? डोळ्याची पापणी उलटून पाहा; फिकी असेल तर पोटात जंत असण्याचा संभव. उन्हाच्या किती वाजता जुंपला होता? एवढे पाहून काही सापडले नाही, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. घरातले एखादे पोर अभ्यासाला बसत नसेल, तरी याच रीतीने विचार करून पाहायला हरकत नाही.

आमच्या गावच्या घरी पडवीत आढ्याला ती पराणी अजून खोवलेली आहे. टोकाला आर नाही, नुसते भोक आहे. परत आल्यावर ती खाली काढली, तेल लावून पुसली आणि पुन्हा होती तेथे ठेवून दिली.